गिधाडांच्या घरट्यांची सालोसाल नोंद

मेलेलें ढोर गांवाबाहेर नेऊन टाकलें म्हणजे घटकाभरांत आकाशांत गिधाडें घिरट्या घालूं लागत आणि पाहतां पाहतां केवळ सांगाडा उरे, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी वयस्कर मंडळींस पूर्ण स्मरत असेल. परंतु हीं गिधाडें कोणत्या सालीं नाहींशीं झालीं असें त्यांस विचारल्यास निश्चित उत्तर मिळत नाहीं. रोज दिसणाऱ्या पक्ष्याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. तो गेल्यावर कांहीं वर्षांनीं चुकल्यासारखें वाटतें, इतकेंच.

असा हिशेब जेथें ठेवला गेला, तें एक स्थळ म्हणजे राजस्थानांतील भरतपूरचें केवलादेव उद्यान होय. तेथें मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभु प्रकाश यांनीं पांढऱ्या पाठीच्या गिधाडांचीं घरटीं मोजलीं. 1987-88 सालीं तीं 353 भरलीं. 1996 सालीं त्याच उद्यानांत सुमारें 150 राहिलीं. नुसती 1996 ची मोजणी हातीं असती, तर दीडशें घरटीं पाहून कोणीहि समाधानच मानलें असतें. देशांतील ठराविक रस्त्यांवरून 1992 च्या सुमारास झालेली मोजदादहि पुढें वेळोवेळीं पुन्हा करण्यांत आली, आणि 2007 पर्यंत या जातीच्या दर 1000 गिधाडांपैकीं 999 नाहींशीं झाल्याचें उघडकीस आलें.

मात्र नुसत्या पक्ष्यांच्या संख्येवरून रोग कोठें आहे तें कळत नाहीं. गिधाडाची मादी वर्षाकाठीं एकच अंडें घालते, व पिलूं विणीच्या वयास येण्यास सुमारें पांच वर्षें लागतात. कोंबड्यांची तूट एका हंगामांत भरून निघते, तसें येथें होत नाहीं. म्हणून किती घरट्यांत जोडपीं बसलीं व त्यांतून किती पिलें उडालीं, हे दोन आंकडे निरनिराळे लिहावे लागतात. पिलें नेहमींच्या प्रमाणांत उडत असून घरटीं झपाट्यानें घटत असतील, तर मोठे पक्षी मरत आहेत असा संशय घ्यावा. घरटीं तितकींच राहून पिलें उडत नसतील, तर विघ्न घरट्यापाशीं किंवा चाऱ्यांत शोधावें.

गिधाडांच्या बाबतींत मोठे पक्षीच मरत होते, आणि त्याचें मूळ आम्हां शेतकऱ्यांच्या गोठ्यांत निघालें. पाकिस्तानांतील मृत गिधाडें तपासून लिंडसे ओक्स व त्यांचे सहकारी यांनीं 2004 सालीं प्रसिद्ध केलें कीं, जनावरांची सूज व वेदना शमविण्याकरितां टोंचण्यांत येणारें डायक्लोफिनॅक हें औषध मांसावाटे गिधाडांच्या पोटांत जातें, आणि त्यांचीं मूत्रपिंडें निकामी होऊन तीं मरतात. पुढें गणितानें असें ठरलें कीं, शंभरांत एकाहूनहि कमी मृत ढोरांत हें औषध मारक प्रमाणांत असलें, तरी एवढ्या ऱ्हासास तें पुरेसें आहे. 'माझ्या एका बैलाच्या टोंचणीनें काय होणार', हें म्हणणें या आंकड्यापुढें टिकत नाहीं.

जनावरांसाठीं हें औषध भारतांत 2006 सालीं बंद करण्यांत आलें. माणसांसाठींच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत वापरल्या जात, म्हणून 2015 सालीं त्याहि बंद झाल्या. 2023 सालीं केटोप्रोफेन व असेक्लोफिनॅक यांवरहि बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांस बाधत नाहीं. पशुवैद्यांकडून तेंच मागून घ्यावें.

रायगड जिल्ह्यांत अद्याप हीं गिधाडें उंच झाडांवर घरटीं बांधतात. ज्यांच्या वाडींत असें झाड असेल त्यांनीं त्यास क्रमांक द्यावा, आणि डिसेंबरांत पक्षी अंड्यावर बसला आहे काय व मार्चांत पिलूं दिसतें काय, हें दुरूनच पाहून वहींत लिहावें. झाडाखालीं गर्दी करूं नये. बुजलेला पक्षी उठला म्हणजे कावळ्यांना अंडें मोकळें सांपडतें. दरवर्षीं तींच झाडें व तेच दिवस धरावे. झाड रिकामें दिसल्यास त्यापुढें शून्य लिहावें, जागा कोरी सोडूं नये. कारण पुढील सालीं वही उघडणारास त्या कोऱ्या जागेवरून पक्षी नव्हता कीं कोणी पाहिलेंच नाहीं, हें समजणार नाहीं.