दुधाचा रंग आणि जुने लाकूड



आमच्या शाळेच्या ग्रंथालयात एका कोपऱ्यात आंब्याच्या फळ्यांचे एक जुने कपाट कित्येक वर्षे पडून होते. बिजागऱ्या सैल झालेल्या, फळ्या धुरकटलेल्या, आणि एका दाराला तर कडीदेखील उरलेली नव्हती. दर वर्षी सामानाची मोजदाद करताना त्याच्या नावापुढे ‘मोडीत काढावे’ असा शेरा पडे. परंतु मोडीत काढावयासही कोणास सवड होत नसल्यामुळे ते बिचारे तेथेच राही. गेल्या हिवाळ्यात हस्तकलेच्या तासास आम्ही ते बाहेर काढले आणि दुधाच्या रंगाने रंगविले. आज त्यात खालच्या वर्गांची गोष्टींची पुस्तके ठेविली आहेत. हे काम करीत असता विद्यार्थ्यांस व आम्हांस जे शिकावयास मिळाले, ते या लेखात क्रमाने सांगण्याचा विचार आहे.

प्रथम दुधाचा रंग म्हणजे काय ते पाहू. कोणत्याही रंगात मुख्यतः तीन घटक असतात. एक रंगद्रव्य, म्हणजे गेरू, पिवळी माती, काजळी यांसारखी भुकटी. दुसरा बंधक, म्हणजे ती भुकटी लाकडास धरून ठेवणारा चिकट पदार्थ. आणि तिसरा पातळपणा आणणारा द्रव. तेली रंगात बंधकाचे काम तेल करते. दुधाच्या रंगात ते काम दुधातील केसीन नावाचे प्रथिन करते. गाईच्या दुधात जी प्रथिने असतात, त्यांपैकी सुमारे ८० टक्के भाग या केसीनचा असतो. एक लिटर दुधात ते अदमासे २५ ग्रॅम निघते. दुधात लिंबू पिळले असता जो चोथा वेगळा होतो, त्यात मुख्यत्वे हेच असते. हा चोथा नुसत्या पाण्यात विरघळत नाही; परंतु त्यात विरवलेला चुना मिसळला की थोड्याच वेळात त्याचा पाकासारखा चिकट द्रव बनतो. ही क्रिया प्रत्यक्ष पाहताना मुलांस मोठा अचंबा वाटला, आणि आम्हांसही वाटला, हे कबूल केले पाहिजे.

हा चिकट द्रव लाकडावर वाळला म्हणजे दोन गोष्टी घडतात. पाणी उडून जाते, आणि चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून हळूहळू खडूत रूपांतरित होतो. नववीच्या पुस्तकात चुन्याच्या निवळीत फुंकर घातली असता ती दुधाळ होते, असा जो प्रयोग आहे, तोच येथे फळीवर अनेक दिवस मंदगतीने चालू असतो. म्हणून हा रंग लवकर वाळतो खरा, पण त्यास पुरता घट्टपणा येण्यास काही आठवडे लागतात.

ही कला नवी नाही. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतरच्या काळात आंत्वान-अलेक्सी कादे-द-व्हो या रसायनज्ञाने सन १८०१ मध्ये दुधाच्या रंगाची कृती प्रसिद्ध केली. आपल्या देशातही दूध व चुना यांची ओळख जुनीच आहे. राजस्थानात ‘अराइश’ नावाचा जो गुळगुळीत चुन्याचा गिलावा करतात, त्याच्या चुन्यात दही घालण्याची रीत आहे. तेव्हा परदेशी कृती म्हणून बिचकण्याचे कारण नाही.

आता एक प्रसंग सांगतो. पहिल्या दिवशी आम्ही बाजारातून दोन लिटर चांगले दूध आणविले आणि त्यात लिंबू पिळावयास घेतले. इतक्यात आठवीतील एक मुलगी उभी राहिली व म्हणाली, “सर, आमच्या गल्लीत लहान मुलांना चहापुरतंसुद्धा दूध मिळत नाही. आपण ते कपाटाला पाजायचं का?” वर्गात क्षणभर शांतता पसरली. आम्हांस उत्तर सुचले नाही. लिंबू खाली ठेविले, ते दूध तापवून खालच्या वर्गातील मुलांस वाटले आणि तो तास तेथेच संपविला.

त्या रात्री आम्ही पुष्कळ विचार केला. ज्या जिल्ह्यात आपण राहतो, त्या जिल्ह्यात हा प्रश्न सहज बाजूस सारता येण्याजोगा नाही. आर्वीकडील गवळाऊ गाईंचे हे माहेर. याच वर्ध्यात डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचे कार्य सुरू झाले. त्या संघाचे चिटणीस जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे तंजावरकडील एका ख्रिस्ती कुटुंबातील गृहस्थ. लंडनमध्ये हिशेबतपासनिसाची विद्या शिकून आणि अमेरिकेत अर्थशास्त्राचा अभ्यास करून ते परत आले, व पुढे तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन अशा उद्योगांसाठी वर्ध्यास येऊन राहिले. सन १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या ग्रंथात त्यांनी टिकाऊ अर्थव्यवस्थेचा विचार मांडला आहे. त्यांच्या कार्यातून आम्ही घेतलेला बोध असा, की वस्तू स्वस्त आहे की महाग एवढेच पाहून भागत नाही. ती कोणाच्या तोंडची काढून आणली, आणि वापरून झाल्यावर तिचे काय होते, हेही पाहावे लागते. हिशेबाच्या वहीत न दिसणारा हा खर्च त्या मुलीने अचूक दाखविला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गापुढे एक नियम ठेविला व सर्वांच्या संमतीने तो फळ्यावर लिहिला: जे दूध मनुष्याच्या उपयोगी पडू शकते, ते रंगासाठी घ्यावयाचे नाही. मग रंग कशाचा करावयाचा? उत्तर घरोघरी सापडले. उन्हाळ्यात व गणेशोत्सवाच्या उकाड्यात कितीतरी दूध नासते. ज्या घरी तूप कढविले जाते, तेथे लोणी काढल्यावर उरलेले ताक कधीकधी इतके आंबते, की ते कोणी तोंडास लावीत नाही. रंगाच्या दृष्टीने हे आंबलेले ताक ताज्या दुधापेक्षाही सोयीचे, कारण त्यातील स्निग्ध अंश लोण्याबरोबर निघून गेलेला असतो आणि आंबटपणा आपोआप आलेला असतो. लिंबाचीही गरज नाही. स्निग्ध अंश राहिला तर चुन्याशी मिळून त्याचा साबणासारखा पदार्थ होतो व रंग नीट वाळत नाही. म्हणून नासलेले दूध वापरावयाचे झाल्यास त्यावरची साय आधी काढून टाकावी.

आता कृती. ताक मंद आचेवर कोमट करावे. चोथा व निवळी वेगळी होतील. चोथा स्वच्छ फडक्यात गाळून दोन-तीन पाण्यांनी धुवावा, म्हणजे आंबटपणा व साखर निघून जाते. साखर राहिल्यास रंगास बुरशी येण्याचा संभव असतो. चोथा चांगला पिळून घ्यावा. पाच वाट्या चोथ्यास एक वाटी, लोण्याइतका दाट असा विरवलेला चुना घालून लाकडी दांड्याने घोटावे. पानवाल्याकडे मिळणारा साधा, वास न घातलेला चुना यास चालतो. अर्ध्या तासात गुठळ्या विरघळून चिकट द्रव तयार होतो. मग त्याच्या दुपटीइतके पाणी हळूहळू घालावे. रंगाची भुकटी आदल्या रात्री थोड्या पाण्यात भिजवून वाटून ठेवावी व ती यात मिसळावी. शेवटी सर्व रंग फडक्यातून गाळून घ्यावा. हा रंग केला त्या दिवशीच संपवावा. दुसऱ्या दिवशी तो घट्ट होतो व त्यास दुर्गंधी येऊ लागते.

रंगद्रव्य निवडताना ते चुन्याने न बिघडणारे असावे. गेरू, पिवळी माती, काजळी व खडू ही त्या बाबतीत निर्धास्त आहेत. फुलांपानांचे रंग चुन्यात बहुधा टिकत नाहीत. आमच्या मुलांनी हळद घालून पाहिली. ती चुन्याबरोबर तत्काळ कुंकवासारखी लाल झाली. आपल्याकडे हळदीपासून कुंकू होते ते याच न्यायाने. परंतु ऊन लागताच तो रंग काही दिवसांत फिका पडला.

रंग देण्यापूर्वी लाकडाची परीक्षा घेतली पाहिजे. ही परीक्षा न घेतल्यामुळे आमची एकदा चांगलीच फजिती झाली. कपाटाच्या यशाने हुरळून जाऊन आम्ही एक सागवानी खुर्ची रंगविली. सायंकाळी ती सुंदर दिसत होती. आठ दिवसांत मात्र तिचा रंग पेरूच्या झाडाची साल सुटावी तसा पापुद्र्यांनी सुटू लागला. कारण असे, की त्या खुर्चीस पूर्वी लाखेचे स्पिरिट पॉलिश केलेले होते. दुधाचा रंग पाणी शोषून घेणाऱ्या उघड्या लाकडासच धरून राहतो. चकचकीत थरावर त्याचे पाय ठरत नाहीत. यासाठी लाकडावर पाण्याचे चार थेंब टाकावेत. ते मुरले तर रंग द्यावा. मोत्यासारखे वर राहिले तर जुना थर अजून शिल्लक आहे असे समजावे. लाखेचा थर स्पिरिटने विरघळतो, परंतु ते काम मोठ्या माणसांनी मोकळ्या हवेत व विस्तवापासून दूर करावे.

दुसरी गोष्ट, सागवान, बाभूळ यांसारख्या लाकडांत टॅनिन नावाचे द्रव्य असते. चुना लागला की ते काळपट होते व पांढऱ्या रंगातून तपकिरी डाग वर येतात. अशा लाकडास गेरूसारखा गडद रंगच शोभतो. शिवाय जुने, रेघा उमटलेले सागवान रंगाखाली झाकणे हा त्याचा अपमानच होय. ते नुसते पुसून तेल लावावे. दुधाचा रंग खरा उपयोगी पडतो तो आंब्याच्या फळ्या, खोक्यांची लाकडे, साधी फडताळे यांस.

रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. प्रत्येक हात वाळल्यावर काचकागद हलकेच फिरवावा. काम सावलीत करावे. वैशाखातील आपल्या उन्हात रंग फार झपाट्याने वाळून तडकतो, आणि पावसाळ्यात बुरशी धरते. हिवाळा सर्वांत उत्तम. काही आठवड्यांनी वरून जवसाचे पक्के तेल फडक्याने चोळावे, म्हणजे पाण्याचे डाग पडत नाहीत. जवस तर आपल्या विदर्भाचेच पीक. मात्र तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. त्यांत उष्णता साचून ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाण्यात बुडवावीत, किंवा बाहेर मोकळी पसरून पुरती वाळवावीत. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नये. गेल्यास पंधरा मिनिटांहून अधिक वेळ स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा व विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे.

शेवटी एक अत्यंत महत्त्वाची सूचना. आमचे कपाट पाहून नववीतील एका विद्यार्थ्याने आपल्या घरचा जुना पाळणा आणला. घरी नवे बाळ यावयाचे होते, आणि धाकट्या भावंडाचा पाळणा आपल्या हाताने रंगवावा अशी त्याची फार इच्छा होती. पाळण्यावर हिरव्या तेली रंगाचे जाड थर होते व ते जागोजागी फुटले होते. तो खरवडावयास बसणार, इतक्यात आम्ही त्याचा हात धरला. जुन्या तेली रंगांत शिसे असण्याचा फार संभव असतो. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम सन २०१६ मध्ये झाला व नोव्हेंबर २०१७ पासून तो अमलात आला. त्यापूर्वीच्या रंगांवर तशी सक्ती नव्हती. असा रंग कोरडा खरवडला अथवा घासला की त्याची धूळ श्वासावाटे व हातांवाटे पोटात जाते. लहान मुलांच्या मेंदूस शिशापासून जी हानी होते, ती पुढे भरून निघत नाही. मुलगा हिरमुसला. आम्ही त्याच्या वडिलांस बोलावून सर्व समजावून दिले. तो पाळणा बाजूस ठेवण्यात आला, आणि एका सुताराकडून आणलेल्या कोऱ्या लाकडाचा साधा पाळणा त्या मुलाने गेरूच्या दुधी रंगाने रंगविला. तुम्हीही हे पक्के लक्षात ठेवा: रंगविलेली जुनी वस्तू, तिचा रंग कसला हे ठाऊक नसता, स्वतः कधीही खरवडू नका.

सन १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत हस्तव्यवसायातून शिक्षण द्यावे असा विचार पुढे आला, आणि त्यातूनच नई तालीम जन्मास आली. त्या विचाराचा अर्थ आम्हांस या एका कपाटाने नव्याने कळला. मुले त्यावर रसायनशास्त्र शिकली, भूगोल शिकली, थोडा इतिहासही शिकली. परंतु सर्वांत मोठा धडा पुस्तकातला नव्हता. दूध आधी कोणाचे, हे एका मुलीने शिकविले. आणि जुने सर्वच राखण्याजोगे नसते, हे एका पाळण्याने शिकविले. मोडीत काढण्यापूर्वी वस्तू नीट पाहावी, आणि राखण्यापूर्वीही नीट पाहावी. या दोन्ही वेळा जो डोळे उघडे ठेवतो, त्याच्या हातचे काम टिकते.

ग्रंथालयात आलात म्हणजे त्या कपाटाच्या डाव्या दारास हात लावून पाहा. तेथे पहिला हात दिला तेव्हाची एक गुठळी अजून तशीच आहे. गाळावयास आम्ही कंटाळलो होतो, त्याची ती खूण आहे. ती आम्ही मुद्दाम काढली नाही.