आधी कानात, मग पाटीवर : वस्तीवर्गातील शुद्धलेखनाचा पाठ



नंदुरबार भागातील वस्तीवर्गांत शिकवणारे स्वयंसेवक मला वारंवार एकच प्रश्न विचारतात : "ताई, मुलं वाचतात, पण लिहायला सांगितलं की ऱ्हस्व-दीर्घ सगळं चुकतं. किती पाठ करून घ्यायचं?" माझे उत्तर असे की पाठांतर कमी करा आणि ध्वनीचे नमुने ओळखायला शिकवा. इंग्रजी शाळांत याला 'फोनिक्स' म्हणतात. मराठीत ही पद्धत अधिक सोपी जाते, कारण आपल्या लिपीत बहुतेक अक्षरांचा आवाज ठरलेला असतो.

१. चूक कुठली ते आधी ओळखा

आपली बरीच मुले घरी भिली, पावरी, मावची किंवा अहिराणी बोलतात. अहिराणीत 'डोळा'चा 'डोया' होतो. भिलीच्या अनेक बोलींत 'स'च्या जागी 'ह' येतो, म्हणून 'सात' म्हणताना काही मुलांच्या तोंडून 'हात' निघते. अशा मुलाने पाटीवर 'डोया' लिहिले, तर त्याने कानाने जे ऐकले तेच बरोबर लिहिले आहे. त्याचे लेखन चुकलेले नाही. त्याला एका भाषेचा शब्द येतो आणि दुसऱ्या भाषेचा शिकायचा आहे, एवढेच. पण 'डोळा' नीट म्हणणारे मूल 'दूध' हा शब्द 'दुध' असा लिहिते, तेव्हा ती लेखनाची चूक असते. दोन्हींवर एकच लाल फुली मारू नका.

फळ्यावर दोन रकाने आखा : 'घरचा शब्द' आणि 'पुस्तकातला शब्द'. दोन्ही शब्द लिहा, दोन्ही मोठ्याने म्हणून घ्या. ज्या आवाजाची मुलाला सवय नाही तो त्याच्या कानात आणि तोंडात बसेपर्यंत लिहिण्याची घाई करू नये.

२. शब्दांची कुटुंबे

'क, ख, ग'पासून 'ज्ञ'पर्यंत थांबण्याची गरज नाही. क, न, प, म, र आणि काना एवढ्यावर सुरुवात होते : कान, पान, रान, मान, नाक, मका, काका, मामा. प्रत्येक अक्षरासाठी मुलाने एक चिंचोका मांडावा आणि मग लिहावे. 'कान'मधला 'न' बोलताना अर्धा ऐकू येतो, पाटीवर मात्र पूर्ण लिहायचा असतो. चिंचोका मांडल्याने हे लक्षात राहते.

नंतर पाटीवरच्या 'मान'मधला 'मा' पुसून 'पा' लिहायला सांगा, मग 'रा', मग 'का'. एका अक्षराने शब्द कसा बदलतो, हे मूल स्वतःच्या बोटांनी पाहते. आठवड्याला दोन नवी अक्षरे पुरेत.

काही अक्षरांना दोन आवाज आहेत. 'चार बैल' आणि 'बैलाचा चारा' म्हणून बघा. अक्षर 'च' एकच, पण जीभ वेगळ्या जागी लागते. हे मुलांना सांगावे, नाहीतर ती दुसरे अक्षर शोधत बसतात.

३. वेलांटी आणि उकाराचे तीन नमुने

मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १८ आहेत. दुसरी-तिसरीच्या मुलांना त्यांतले तीन नमुने दिले, तरी रोजच्या लेखनाचे बरेचसे काम होते.

पहिला : शब्दाच्या शेवटी आलेली वेलांटी किंवा उकार दीर्घ. पाणी, नदी, भाजी, काजू. 'आणि' हा अपवाद पहिल्याच दिवशी सांगून टाका.

दुसरा : शेवटच्या अक्षराला काना-मात्रा नसेल तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ. शब्द पुढे वाढला की तो ऱ्हस्व होतो. पीठ–पिठात, मीठ–मिठाने, दूध–दुधात, चूल–चुलीवर, ऊस–उसाला, जमीन–जमिनीत. मुलांना 'पीठ' लांबवून म्हणायला लावा, मग 'पिठात' पटकन. फरक कानालाच कळतो.

तिसरा : अनुस्वार किंवा जोडाक्षर यांच्याआधी ऱ्हस्व. चिंच, भिंत, मुंगी, विस्तव, पुष्कळ. 'लिंबू' या एका शब्दात पहिला आणि तिसरा, असे दोन्ही नमुने सापडतात. मुलांना ते शोधायला द्या, मजा येते.

सूर्य, पूर्ण, शरीर–शरीराला असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नमुन्यांत बसत नाहीत. ते चौथीसाठी राखून ठेवा.

४. अर्ध्या तासाची आखणी

पाच मिनिटे नुसते ऐकणे आणि म्हणणे. दहा मिनिटे एकाच नमुन्याचे सहा शब्द, चिंचोके आणि पाटी. दहा मिनिटे न शिकवलेले तीन शब्द त्याच नमुन्याने लिहून पाहणे. शेवटची पाच मिनिटे मुलांनी एकमेकांच्या पाट्या तपासाव्यात. यातला तिसरा भाग कधीही गाळू नका. पाठ केलेला शब्द कोणीही लिहील. नवा शब्द लिहिता आला तरच नमुना समजला. आमच्या एका वर्गात पीठ–पिठात शिकवल्यावर, वडील वीटभट्टीवर काम करणाऱ्या एका मुलीने न सांगता 'वीट–विटा' लिहून दाखवले. तिला नियमाची भाषा येत नव्हती, पण नियम कळला होता.

५. एवढा खटाटोप कशासाठी?

दिवाळीनंतर आपल्या भागातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात, लेकरेही बरोबर जातात. काही महिन्यांनी परतल्यावर पाठ केलेल्या शब्दांच्या याद्या विसरलेल्या असतात. कानात बसलेला नमुना मात्र बराच टिकतो आणि मूल वर्गात पुन्हा लवकर रुळते. जे रुळत नाही ते मागच्या बाकावर जाते आणि मग शाळेबाहेर.

दुसरे कारण पवित्र शास्त्रात आहे. शास्ते १२ मध्ये यार्देनेच्या उतारावर गिलादी लोक प्रत्येकाला 'शिब्बोलेथ' म्हणायला लावतात. एफ्राइमी माणसाला 'श' म्हणता येत नाही, तो 'सिब्बोलेथ' म्हणतो आणि तेवढ्यावरून मारला जातो. जिभेच्या सवयीवरून माणसाला परका ठरवणे किती जुने आणि किती क्रूर आहे! आपल्या वर्गात 'हात' म्हणणाऱ्या मुलाला बाकीचे हसतात, तेव्हा त्याच उताराची एक छोटी आवृत्ती घडत असते. तिथे पहारेकरी व्हायचे की हात धरून पलीकडे नेणारे, हे शिक्षकाने ठरवायचे आहे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ सुद्धा शक्य तेथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे असे सांगतो. आपले वर्ग मराठीतून चालतात. म्हणून निदान घरच्या शब्दाला फळ्यावर मानाची जागा द्यावी.

स्वयंसेवकांना विनंती : पुढील अंकापूर्वी आपल्या वर्गातील मुलांचे घरचे वीस शब्द आणि त्यांचे पुस्तकातले जोडीदार लिहून पाठवा. त्यांतून आपण सर्व वर्गांसाठी एक छोटी शब्दवही तयार करू. आणि या मुलांची, तसेच ऊसतोडीच्या वाटेवर असलेल्या त्यांच्या आईवडिलांची आपल्या प्रार्थनेत आठवण ठेवा.