सौरऊर्जेचा पाठ : रातची लाईन आणि दिवसाचं ओलीत



'सौरऊर्जा : काळाची गरज' हा निबंध आपली मुलं घडाघडा म्हणून दाखवतात. कोळसा संपणार, सूर्य फुकट, प्रदूषण नाही. सगळं बरोबर आहे, पण केळझरच्या मुलाला त्यात आपलं घर दिसत नाही. म्हणून यंदा हरभऱ्याच्या हंगामात मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : काल रात्री तुमच्या घरचं कोण वावरात होतं? बरेच हात वर झाले. "बाबा चन्याले ओलीत कराले गेले होते सर, रातची लाईन आहे ना!"

शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीनं मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की थंडीत, चिखलात, बॅटरी घेऊन जावं लागतं. आपल्या सेलू तालुक्यात बोर व्याघ्र प्रकल्प आहे. रानडुक्कर, बिबट, साप ही आपल्या मुलांना चित्रातून शिकवायची गोष्ट नाही. बाप घरी येईपर्यंत माय जागी असते, हे ती रोज पाहतात.

मग वर्गाला एक कोडं घातलं. 2024 मध्ये राज्यानं 7.5 एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज दिली. त्याच वर्षी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आली. तिच्यात शेतकऱ्याला किमतीच्या 10 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के) रक्कम भरावी लागते. वीज फुकट असताना कोणी पैसे का भरावे? थोडा वेळ शांतता. मग मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "दिवसा पाणी देता येते म्हणून." माझ्या मते या विषयातलं सगळ्यात नेमकं उत्तर हेच. शेतकरी इथे वीज विकत घेत नाही, दिवस विकत घेतो.

आता गणित. 1 एचपी म्हणजे 746 वॅट. 5 एचपीचा पंप म्हणजे 3.7 किलोवॅटच्या आसपास. आठ तास चालला तर साधारण 30 युनिट. पण सोलर पंप सकाळी हळू चालतो, दुपारी जोरात, आणि ढग आला की धार बारीक होते. पॅनेलवर धूळ बसली तरी तसंच. मुलांना हे खरं सांगावं. जाहिरातीसारखं शिकवलं की पहिल्या ढगाळ दिवशी पोरगं म्हणतं, सरांनी खोटं सांगितलं.

आणखी एक अडचण आहे. पावसाळ्यात ओलीत नसतं, पंप बंद, आणि पॅनेलवर पडलेलं ऊन वाया. यावर दुसरी वाट म्हणजे 2017 ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी इथून तिची सुरुवात झाली. इथे एकेका वावरात पॅनेल नाही. उपकेंद्राजवळ मोठा प्रकल्प उभा राहतो आणि पूर्ण फीडरलाच दिवसा वीज मिळते. उरलेली वीज ग्रीडमध्ये जाते. मला ही वाट जास्त पटते.

पण त्याला जागा लागते, आणि नजर जाते गायरानावर. गवळाऊ ही आपल्या वर्धा जिल्ह्याची गाय. तिनं चरायचं कुठं? वर्गात दोन गट पाडून खोटी ग्रामसभा भरवली. एका गटाला दिवसाची लाईन हवी, दुसऱ्याला चराई. भांडण असं रंगलं की मधली सुट्टी झालेली कोणाला कळली नाही. ठराव काही झाला नाही, पण गावाला विचारल्याशिवाय पॅनेल लावू नये यावर दोन्ही गट एक झाले.

घराच्या छतासाठी पीएम सूर्यघर योजना (2024) आहे : 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 हजार, 3 किंवा जास्त किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान. 1 किलोवॅटमधून दिवसाला अंदाजे 4 युनिट मिळतात.

पालकांनी या आठवड्यात घरचं वीजबिल मुलाच्या हाती द्यावं. महिन्याचे युनिट त्यानंच शोधावेत, आपल्या छताला किती किलोवॅट पुरतील ते काढावं. ज्यांच्याकडे विहीर आहे, त्यांनी पंपाच्या पाटीवरचा एचपी लिहून आणावा, आणि या महिन्यात बाबा किती रात्री ओलिताला गेले तेही.