संकटकाळी पत राखताना : जनसंपर्क संस्थेची निवड

‘पत’ हा मराठीतील मोठा अर्थवाही शब्द आहे. बँकव्यवहारात तो कर्जफेडीची पात्रता दर्शवितो, तर समाजव्यवहारात विश्वासार्हता. सप्टेंबर २००८ मध्ये जागतिक वित्तीय संकटाच्या काळात आयसीआयसीआय बँकेविषयी अफवा पसरल्या. तेव्हा बँकेजवळ पुरेसे भांडवल व रोखता असल्याचे निवेदन रिझर्व्ह बँकेला ३० सप्टेंबर रोजी प्रसृत करावे लागले. पतीवर असा आघात झाला की अनेक उद्योग संकटकालीन जनसंपर्क संस्थेकडे धाव घेतात. अशा संस्थेकडून काय अपेक्षावे आणि काय अपेक्षू नये, याचा विचार मात्र शांतपणी व्हावयास हवा.

वस्तुस्थिती गोळा करणे, निवेदनाचा मसुदा करणे, एकच प्रवक्ता सज्ज ठेवणे आणि ग्राहक, कर्मचारी, वितरक, शासकीय यंत्रणा व वृत्तपत्रे यांच्यापर्यंत एकसारखी माहिती पोहोचविणे, हे या संस्थेचे कार्य होय. मूळ दोष दूर करणे हे मात्र उद्योगाचेच काम असते.

महाराष्ट्रातील दोन प्रकरणे या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. ऑक्टोबर २००३ मध्ये मुंबईत कॅडबरीच्या डेअरी मिल्क चॉकलेटमध्ये अळ्या आढळल्याच्या तक्रारी आल्या आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली. कंपनीने आरंभी दुकानांतील सदोष साठवणुकीकडे बोट दाखविले. परंतु वेष्टन पुरेसे सुरक्षित होते काय, हा प्रश्न उरलाच. ऐन सणासुदीत विक्री घसरली. पुढे कंपनीने ‘विश्वास’ प्रकल्पाद्वारे विक्रेत्यांना साठवणुकीचे मार्गदर्शन केले आणि २००४ च्या प्रारंभी अधिक सुरक्षित वेष्टन आणले. अमिताभ बच्चन यांच्या जाहिराती परिणामकारक ठरल्या, कारण त्यांना सांगण्याजोगे काही प्रत्यक्षात घडले होते.

दुसरे प्रकरण मॅगी नूडल्सचे. ५ जून २०१५ रोजी केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या उत्पादनावर बंदी घातली. नेस्ले कंपनीने त्या काळात अ‍ॅप्को वर्ल्डवाइड या जनसंपर्क संस्थेचे साहाय्य घेतले. तथापि निर्णायक ठरला तो मुंबई उच्च न्यायालयाचा १३ ऑगस्ट २०१५ चा निकाल. न्यायालयाने बंदी रद्द केली. परंतु मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी करण्याचा आदेशही दिला. त्या चाचण्यांत उत्तीर्ण झाल्यावर नोव्हेंबरमध्ये मॅगी बाजारात परतली. निवेदनांपेक्षा प्रयोगशाळेचा अहवाल अधिक बोलका ठरला.

संस्थेची निवड करताना पुढील बाबी ध्यानी घ्याव्यात.

१. तहान लागल्यावर विहीर खणू नये. संकट नसतानाच संस्था निवडून करार करावा.

२. संस्थेने पूर्वी हाताळलेल्या प्रसंगांची चौकशी करावी. ती आपल्या प्रतिस्पर्ध्याचेही काम पाहत नाही ना, हे तपासावे.

३. नियमित मानधन, तातडीच्या कामाचा दर आणि रात्री-अपरात्री उपलब्ध राहणारी जबाबदार व्यक्ती यांचा करारात स्पष्ट उल्लेख असावा.

४. गोपनीयतेचे कलम अवश्य असावे. ग्राहकांची खासगी माहिती संस्थेस देऊ नये. प्रत्येक निवेदन विधी सल्लागारांच्या नजरेखालून जावे.

५. सत्य दडविण्याचा किंवा बनावट अनुकूल अभिप्राय पेरण्याचा सल्ला देणाऱ्या संस्थेस नम्रपणे नकार द्यावा.

संकटात जीवितहानी झाली असेल, तर कर्तव्याचा क्रम आणखी कठोर होतो. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी भिलाई पोलाद कारखान्यात कोक ओव्हन विभागाच्या वायुवाहिनीत स्फोट होऊन अनेक कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला. अशा दुर्घटनेत पहिला निरोप कुटुंबीयांना जावा, वृत्तपत्रांना नंतर. हा क्रम पाळण्याचा आग्रह धरणारी संस्थाच खरी हितचिंतक समजावी.

पद्मनाभपूरमधील मिठाईच्या दुकानदाराला किंवा भिलाईतील लघुउद्योजकाला मोठ्या संस्थेचे शुल्क परवडणार नाही. पण एक प्रवक्ता नेमणे, महत्त्वाचे दूरध्वनी क्रमांक हाताशी ठेवणे, सदोष माल तत्काळ परत घेणे आणि माहीत असेल तेवढेच सांगणे, यांस खर्च लागत नाही. शब्द उसने घेता येतात. पत मात्र स्वतःच्या कृतीनेच कमवावी लागते.