चाकावरच्या चोवीस मेणबत्त्या

आजचा उतारा : लूक २:२२-३८



हा उतारा चर्चमध्ये नाताळ झाल्यावर वाचतात, माहीत आहे. तरी आगमनकाळाच्या पहिल्याच रविवारी मुद्दाम घेतोय. आज आपल्याला घरी अ‍ॅडव्हेंट रीथ करायची आहे, आणि शिमोन-हन्नाशिवाय ती रीथ मला अर्धवट वाटते. आधी उतारा शांतपणे वाचा, मग पुढे या.

आपल्याकडे पानाफुलांचं गोल चक्र म्हटलं की पुष्पचक्र आठवतं, म्हणजे श्रद्धांजली. नाताळात दारावर टांगतात ती रीथ वेगळी. आणि टेबलावर आडवी ठेवायची, चार मेणबत्त्यांची अ‍ॅडव्हेंट रीथ आणखी वेगळी. पहिल्या रविवारी एक मेणबत्ती, दुसऱ्या रविवारी दोन, असं करत चौथ्या रविवारी चारही पेटतात.

ही पद्धत फार प्राचीन असेल असं वाटतं ना? तशी ती नाही. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ योहान हिनरिश विचर्न नावाच्या लुथरन धर्मशास्त्र्याने १८३३ साली 'राउहेस हाउस' ही संस्था सुरू केली. गरीब, दुर्लक्षित मुलांना तिथे घर मिळायचं. डिसेंबर लागला की या मुलांचा एकच प्रश्न : नाताळला अजून किती दिवस? १८३९ साली विचर्नने बैलगाडीला असतं तसं एक जुनं लाकडी चाक घेतलं आणि त्यावर २० छोट्या लाल आणि ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या. रोज एक छोटी पेटायची, रविवारी मोठी. मुलं स्वतःच मोजू लागली.

आता माझ्यातला इंजिनिअर गप्प बसत नाही, म्हणून हिशेब सांगतो. १ डिसेंबर १८३९ हा रविवार होता, म्हणून एकूण २४. पण आगमनकाळ दरवर्षी सारखा नसतो. नाताळ सोमवारी आला तर तो २२ दिवसांचा, रविवारी आला तर २८ दिवसांचा. रविवार कायम चारच, छोट्या मेणबत्त्या मात्र १८ ते २४. घरोघरी एवढं मोठं चाक कोण ठेवणार? म्हणून पुढे फक्त चार रविवार उरले आणि चाकाच्या जागी फरच्या हिरव्या डहाळ्यांचं कडं आलं. कॅथलिक चर्चमध्ये ती पहिल्यांदा १९२५ साली, कोलोन शहरात लागली.

मला यात एक गोष्ट फार आवडते. विचर्नने मुलांना "धीर धरा" म्हटलं नाही. "लवकरच येईल" हेही नाही. मोठ्यांच्या "लवकरच"वर त्या मुलांनी का विश्वास ठेवावा? त्याने त्यांना डोळ्यांना दिसेल असं उत्तर दिलं.

कोणीतरी विचारणारच : हे बायबलमध्ये आहे का? नाही. रीथ ही आज्ञा नाही, साधन आहे. ज्यांना नको त्यांनी करू नये. पहिली मेणबत्ती आशेची की संदेष्ट्यांची, यावर ग्रुपमध्ये वादही नको. ही नावं नंतर आली आहेत आणि जागोजागी वेगळी आहेत. रंगाचंही तसंच. कॅथलिक घरांत तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारसाठी एक गुलाबी असते, जर्मनीत बऱ्याच घरी चारही लाल. तुमच्या नाक्यावर पांढऱ्याच मिळाल्या तर पांढऱ्या घ्या.

करायची कशी? हार्डवेअरच्या दुकानातून थोडी जाड जीआय तार आणि बांधायला बारीक तार घ्या. जाड तारेचे दोन वेढे एकमेकांत पिळून साधारण ३० सेंटिमीटर व्यासाचं कडं करा. हिरवळीसाठी फर शोधत फिरू नका. किनाऱ्याजवळ राहत असाल तर सुरूच्या डहाळ्या मिळतील, आपल्या वसईकडे नाताळाला सुरू नवा नाही. सोसायटीच्या बागेत मोरपंखी असेल तर माळ्याला विचारून थोडी कापा, ती बरेच दिवस हिरवी राहते. काहीच नसेल तर बाजारात आंब्याचे टाळे मिळतातच. बोटभर लांबीच्या तीन-चार डहाळ्यांची जुडी करायची, कड्यावर ठेवून बारीक तारेचे दोन वेढे घ्यायचे, आणि तार न तोडता पुढची जुडी अशी ठेवायची की आधीच्या जुडीचे देठ झाकले जातील. सगळ्या जुड्यांचं तोंड एकाच दिशेला. कड्याचा घेर साधारण ९४ सेंटिमीटर, दर पाच सेंटिमीटरला एक जुडी, म्हणजे १८-१९ जुड्या लागतील. पहिल्या चार वाकड्या येतात, पाचवीपासून हात बसतो.

मेणबत्त्या मात्र कड्यावर खोचू नका. सुरू वाळला की भसकन पेट घेतो. कडं एका परातीत ठेवा, त्याच्या आत, पानांपासून लांब, वाळू भरलेल्या चार पणत्या ठेवा आणि त्यांत मेणबत्त्या रोवा. पंखा बंद. खोलीतून उठताना मेणबत्ती विझवूनच उठायचं. हॉस्टेलमध्ये आग चालत नसेल तर सेलवरच्या मेणबत्त्या लावा, प्रभू नाराज होणार नाही. आंब्याची पानं दोन-तीन दिवसांत वळतात, तोरणातली वळतात तशीच, म्हणून दर शनिवारी ती बदलावी लागतात. मला हे कटकटीचं वाटत नाही. दहा मिनिटांत घरपोच सगळं मिळणाऱ्या शहरात, दर आठवड्याला हाताने पुन्हा करावी लागेल अशी एक तरी गोष्ट घरात असावी.

गेल्या वर्षी आमच्या प्रार्थना गटाने मिळून रीथ केली. आमच्यातल्या एकाची नोकरी जूनमध्ये गेली होती. चौथ्या राउंडपर्यंत इंटरव्ह्यू व्हायचे आणि मग समोरून शांतता. तार पिळता पिळता तो म्हणाला, "या मेणबत्त्यांचं बरं आहे रे, यांना पंचवीस तारीख माहितीये. माझ्या वाट पाहण्याला तारीखच नाही." कोणी काही बोललं नाही. काय बोलणार?

मग आम्ही हाच उतारा काढला. शिमोनला वचन होतं : ख्रिस्ताला पाहिल्याशिवाय मरण येणार नाही. पण तारीख? तारीख त्यालाही दिलेली नव्हती. आणि हन्नाकडे बघा. लग्नानंतर सात वर्षांत नवरा गेला, आता चौऱ्याऐंशीचा आकडा आणि मंदिरात रात्रंदिवस उपास-प्रार्थना. तिला शिमोनसारखं काही वचन मिळालं होतं असं लूक कुठेच लिहीत नाही. तरी ती तिथे होती, आणि नेमक्या त्याच घटकेला पुढे आली.

अडतिसावं वचन पुन्हा वाचा. बाळाला पाहिल्यावर हन्ना कोणाशी बोलते? यरुशलेमेच्या सुटकेची वाट पाहणाऱ्या सगळ्यांशी. म्हणजे असे लोक बरेच होते, आणि ते तिला माहीत होते! इतकी वर्षं ती एकटी वाट पाहत बसली नव्हती. राउहेस हाउसमधली मुलंसुद्धा चाकाभोवती एकत्रच मोजत होती. म्हणून तुम्ही भाड्याच्या खोलीत एकटे असाल तर रूममेटला बोलवा, तो ख्रिस्ती नसला तरी चालेल. नाहीतर आईला व्हिडिओ कॉल लावा आणि तिच्यासमोर काडी ओढा.

आमच्या त्या मित्राला नाताळपर्यंत नोकरी मिळाली नाही. फेब्रुवारी उजाडला. पण चारही रविवारी तो आला, आणि काडेपेटी त्याच्याच खिशात असायची. चौथ्या रविवारपर्यंत पहिली मेणबत्ती पार बुटकी झाली होती, चौथी कोरी करकरीत. आमच्यातली सगळ्यात लहान मुलगी म्हणाली, "जिने जास्त वाट पाहिली ती छोटी झाली." तो तिच्याकडे बघून हसला. बऱ्याच महिन्यांनी हसताना दिसला.

नाताळ संपला की पानं कुंडीत टाका, तारेचं कडं जपून ठेवा, पुढच्या वर्षी तेच चालतं. आज संध्याकाळी पहिली मेणबत्ती. पुढच्या रविवारचा उतारा यशया ४०:१-११.