अस्सलबरहुकूम नक्कल



जमिनीच्या अथवा कोर्टाच्या दप्तरांतून आणलेला एखादा जुना नकलेचा कागद तुमच्या घरीं असल्यास वडिलांची परवानगी घेऊन तो एकदां नीट पाहा. त्याच्या शेवटीं बहुधा दोन सह्या आढळतील; एक 'नक्कल करणार' याची व दुसरी 'रुजवात घेणार' याची. एकानें उतरून घ्यावें, दुसऱ्यानें तें मूळाशीं ताडून पाहावें आणि मगच त्यावर 'अस्सलबरहुकूम नक्कल' असा शेरा पडावा, अशी ही जुनी रीत आहे. कागदावरील चार ओळींस जर इतकी दक्षता लागते, तर जिला लांबी, रुंदी, उंची, वजन व रंग हीं सर्व आहेत अशा वस्तूची हुबेहूब नक्कल करण्यास किती लागत असेल बरें? ह्या प्रश्नाचा विचार करण्यास अलीकडील एक धंदा फार उपयोगी पडतो. तो म्हणजे चित्रपटांत वापरलेल्या वस्तूंच्या प्रतिकृति तयार करण्याचा धंदा.

नटाच्या हातीं द्यावयाच्या वस्तूंस आपल्याकडील नाटकमंडळींत 'प्रॉपर्टी' म्हणतात. चित्रपटांतहि अशा वस्तु लागतात, आणि चित्रपट लोकप्रिय झाला म्हणजे त्याही प्रसिद्धि पावतात. १९३९ सालच्या 'द विझर्ड ऑफ ऑझ' ह्या चित्रपटांतील लहानग्या डॉरोथीचे माणकांसारखे लाल जोडे, १९४१ सालच्या 'द माल्टीज फाल्कन' ह्या चित्रपटांतील काळा ससाणा, आणि १९७७ सालच्या 'स्टार वॉर्स' ह्या चित्रपटांतील प्रकाशाची तरवार हीं त्यांतील ठळक उदाहरणें होत. मूळ वस्तु एक किंवा दोन, आणि चाहते लाखों. ससाण्याचा सुमारे ४५ पौंड वजनाचा एक शिशाचा पुतळा २०१३ सालीं न्यूयॉर्क येथील लिलांवांत चाळीस लाख डॉलरांहून अधिक किंमतीस गेला. मौज अशी कीं, कथेमध्यें जो ससाणा अखेरीस हातीं येतो तो रत्नजडित नसून शिशाचा तोतया ठरतो. त्या तोतयालाच आज अस्सलाचें मोल आलें आहे! अर्थात् सामान्य चाहत्यानें प्रतिकृतीवरच समाधान मानावयाचें. परंतु त्याला पाहिजे ती 'तशी दिसणारी' वस्तु नव्हे, 'तीच वाटणारी' वस्तु. येथेंच कारागिराची कसोटी सुरू होते.

पहिली अडचण अशी कीं, अस्सल कोणतें हेंच प्रथम ठरवावें लागतें. चित्रपटासाठीं एकच वस्तु बहुधा अनेक प्रतींत बनवितात. एक जवळून दाखविण्यासाठीं, एक पडण्याआपटण्यासाठीं, एक दुरून दिसण्यासाठीं. त्या आपसांतहि जुळत नाहींत. डॉरोथीच्या जोड्यांचेंच पाहा. त्यांतील एक जोडी १९७९ पासून वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयांत आहे. दुसरी एक जोडी २००५ सालीं मिनेसोटा संस्थानांतील एका संग्रहालयांतून चोरीस गेली व २०१८ मध्यें पोलिसांस सांपडली. ती स्मिथसोनियनमधील तज्ज्ञांनीं तपासली, तेव्हां असें दिसून आलें कीं ह्या दोन जोड्यांचे जोडे परस्परांत बदललेले आहेत. एकीचा डावा दुसरीच्या उजव्याशीं जुळतो. आतां प्रतिकृति करणाऱ्यानें कोणता पाय प्रमाण मानावा?

रंगाची गोष्ट ह्याहून बिकट आहे. ह्या जोड्यांवरील टिकल्या जिलेटिनच्या असून त्यांवर सेल्युलोज नायट्रेटचा थर आहे. त्या काळच्या टेक्निकलर पद्धतींत भडक लाल रंग पडद्यावर नारिंगीकडे झुकत असे. म्हणून मूळ टिकल्या गडद, काळपट लाल घेतल्या होत्या. पुढें काळानें त्यांचा रंगहि उतरला. म्हणजे पडद्यावरचा रंग एक, १९३९ सालीं हातांत घेतलेल्या जोड्याचा दुसरा व आज कांचेच्या कपाटांत दिसणारा तिसरा. तिन्ही खरे आहेत. कारागिरानें त्यांतील एक निवडावा आणि कोणता निवडला हें गिऱ्हाइकास स्पष्ट सांगावें, एवढेंच त्याच्या हातीं असतें.

कधीं कधीं तर मूळांतील दोष जपणें हीच खरी अचूकता ठरते. 'स्टार वॉर्स' मधील डार्थ व्हेडर ह्या खलपुरुषाचा मुखवटा ब्रायन म्यूर ह्या इंग्रज शिल्पकारानें हातानें मातींत घडविला. हातानें घडविलेला म्हणून त्याची डावी व उजवी बाजू तंतोतंत सारखी नाहीं. एखाद्या कारखानदारानें यंत्राच्या साह्यानें दोन्ही बाजू समान केल्या, तर मुखवटा अधिक सुबक दिसेल, पण तो मूळाचा मुखवटा राहणार नाहीं. मूळास सुधारणें हा नकलनविसाचा अधिकार नव्हे.

दुसरी अडचण सांच्याची. पातळ पदार्थ सांच्यांत ओतला व तो थिजला म्हणजे बहुधा किंचित् आकसतो. म्हणून ओतकामासाठीं लाकडी नमुना करणारा सुतार नेहमींची फूटपट्टी वापरीत नाहीं. तो आकुंचन-पट्टी वापरतो. पितळेच्या कामासाठीं त्या पट्टीवरील एक फूट वस्तुतः एक फूट व ३/१६ इंच इतका लांब असतो. येणारी घट आधींच धरून ठेवण्याची ही युक्ति. आतां असें समजा कीं, एका कारागिराजवळ मूळ वस्तु नाहीं, तिची नक्कल आहे. त्या नकलेवरून त्यानें सांचा केला व नवी नक्कल काढली. दुसऱ्यानें त्या नकलेची नक्कल केली. प्रत्येक पिढींत शेंकडा दीड इतकी घट झाली, तर १२ इंचांची वस्तु पहिल्या पिढींत ११.८२, दुसरींत ११.६४, तिसरींत ११.४७ व चौथींत ११.३० इंच होईल. प्रत्येक वेळीं डोळ्यांस फरक दिसणार नाहीं. पण मूळाशेजारीं ठेवतांच जवळजवळ पाऊण इंचाची तूट उघडी पडेल. अॅडम सॅव्हेज ह्या अमेरिकन कारागिरानें एका जाहीर व्याख्यानांत आपला असाच अनुभव सांगितला आहे. त्यानें छायाचित्रांवरून ससाण्याचा पुतळा घडविला, त्याचे सांचे घेतले, शेवटीं तो कांशांत ओतविला. आणि हातीं आला तो ठरलेल्या उंचीहून लहान! टप्प्याटप्प्याचें आकुंचन हिशेबांत धरावयाचें राहिलें होतें. ऐकीव गोष्टीचेंहि असेंच होतें. ती तोंडोतोंडीं फिरतां फिरतां बदलते, पण सांगणाऱ्यांपैकीं कोणासच आपण ती बदलली असें वाटत नाहीं. म्हणून रुजवात घ्यावयाची ती अलीकडील नकलेशीं नव्हे, मूळाशीं.

तिसरी अडचण द्रव्यांची व हवेची. पुष्कळ प्रतिकृति पॉलियुरेथेन नामक राळेच्या करतात. दोन द्रव मिसळून ती सांच्यांत ओततात. त्यांपैकीं एका द्रवाचा पाण्याशीं संयोग झाला कीं कार्बन डायऑक्साइड वायु सुटतो. अर्थात् हवा दमट असली किंवा सांचा ओलसर राहिला, तर वस्तूंत बुडबुडे होतात आणि ती टाकून द्यावी लागते. सिलिकोन रबराचा सांचाहि चिरकाल टिकत नाहीं; कांहीं डझन प्रती निघाल्यावर त्याच्या बारीक कडा झिजूं लागतात, व नवा सांचा केल्याशिवाय गत्यंतर नसतें.

धातूच्या कामांत निराळाच पेंच असतो. 'स्टार वॉर्स' मधील नायकाच्या तरवारीची मूठ ही वास्तविक ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशगनची मूठ होती; ती लंडनमधील एका दुकानांत मिळाली आणि तिला रबराच्या पट्ट्या चिकटवून तरवार सजविण्यांत आली. आज तशी मूठ नव्यानें करावयाची तर नळीवर चकचकीत मुलामा चढवावा लागतो. मुलाम्याच्या थराला जाडी असते. ज्या स्क्रूच्या आट्यांचा कोन ६० अंशांचा आहे, त्याच्या आट्यांचा कार्यकारी व्यास थराच्या जाडीच्या चौपट वाढतो. भूमिति शिकणाऱ्यांनीं ३० अंशांच्या कोनाची ज्या अर्धी असते हें आठवून ह्याची उपपत्ति स्वतः काढून पाहावी. मुलाम्यापूर्वीं जो स्क्रू सहज बसत होता, तो मुलाम्यानंतर बसत नाहीं. शेंकडों तुकडे परत पाठवावे लागतात, आणि महिना जातो.

चौथी गोष्ट गणिताची, आणि ती परीक्षेस बसणाऱ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. शंभरांपैकीं ९५ गुण म्हणजे उत्तम यश असें आपण समजतों. समजा, एका प्रतिकृतीचे १० भाग आहेत आणि प्रत्येक भागाच्या शंभर नगांपैकीं ९५ निर्दोष निघतात. न तपासतां ते भाग जोडले, तर शंभर प्रतिकृतींपैकीं सर्वस्वीं निर्दोष किती निघतील? ०.९५ ह्या संख्येस दहा वेळां गुणल्यास उत्तर सुमारे ०.६० येतें. म्हणजे शंभरांतील चाळीस गिऱ्हाइकांच्या हातीं कांहींना कांहीं सदोष पडणार! ह्यासाठींच प्रत्येक भाग जोडण्यापूर्वीं तपासावा लागतो. चांगला कारखाना आधीं एकच पहिला नमुना पूर्ण करतो, त्याचें प्रत्येक माप घेतो व तो मान्य झाल्यावरच पुढील काम सुरू करतो. वॉल्टर शूहार्ट ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९२४ सालीं नियंत्रण-आलेख काढून दाखविला. मापांतील नेहमींचा लहानसा चढउतार कोणता व कांहीं तरी बिघडल्याची खूण कोणती, हें त्या आलेखावरून ओळखतां येतें. त्यामुळें शेवटीं ढीगभर माल फेंकून देण्याऐवजीं बिघाड होत असतांनाच हात थांबवितां येतो.

आतां विलंबाचा विचार करूं. वर सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीस वेळ लागतो. शिवाय चित्रपटाच्या मालकाचा परवाना लागतो व बहुधा नमुना त्याच्या पसंतीस उतरावा लागतो. एक लहानसा भाग यावयाचा राहिला, तरी तयार झालेले नऊ भाग तसेच पडून राहतात. माल जलमार्गानें येत असेल तर त्याची वाट निराळीच. मार्च २०२१ मध्यें एकच अजस्र जहाज सुवेझ कालव्यांत आडवें रुतलें आणि सहा दिवस तो मार्ग बंद राहिला. इतकी यातायात केल्यावर किंमतहि वाढते. १९८९ सालीं अमेरिकेंतील वेस्टर्न कॉस्च्यूम कंपनीनें डॉरोथीच्या जोड्यांच्या अधिकृत प्रतिकृति हातानें करविल्या. संकल्प ५०० जोड्यांचा, किंमत ५,००० डॉलर, परंतु अवघ्या १६ जोड्या खपल्यावर तो उपक्रम थांबला.

ह्या धंद्यांत पुष्कळदां पैसे आधीं घेतात व वस्तु मागाहून देतात. एखादा मुलगा वर्षभर पैसे सांठवून ते दूरच्या कारागिराकडे पाठवितो. कारागिरानें दिलेला शब्द, एवढेंच त्याच्याजवळ तारण असतें. ठरलेला दिवस उलटतो. कारागिरापुढें अशा वेळीं तीन मोह उभे राहतात. पहिला, सदोष वस्तु तशीच रवाना करावी; दुसरा, कांहींएक न कळवितां स्वस्थ बसावें; तिसरा, नव्या गिऱ्हाइकाच्या पैशांनीं जुन्या गिऱ्हाइकाचें काम पुरें करावें. तिसरा मोह सर्वांत घातक, कारण त्या मार्गानें गेलेल्याचा शेवट दिवाळ्यांत होतो, आणि मुलाच्या हातीं ना वस्तु येते ना पैसे. ह्यांतून सुटण्याचा मार्ग एकच. काय बिघडलें, किती दिवस लागतील, आणि थांबण्याची इच्छा नसल्यास पैसे परत कसे मिळतील, हें न विचारतांच आधीं कळवावें. तपासणीमुळें झालेला उशीर हा दोष नव्हे. तो लपविणें हा दोष होय. उलट गिऱ्हाइकानेंहि हें समजून घेतलें पाहिजे कीं, 'अगदीं हुबेहूब पाहिजे' आणि 'उद्यांच पाहिजे' ह्या दोन मागण्या एका तोंडानें करणें न्यायाचें नाहीं.

आणखी एक कर्तव्य उरतें. नक्कल जितकी सरस, तितका ती अस्सल म्हणून विकली जाण्याचा संभव अधिक. म्हणून प्रामाणिक कारागीर दर्शनी नव्हे अशा जागीं आपलें चिन्ह व वर्ष कोरून ठेवतो. पन्नास वर्षांनीं ती वस्तु ज्याच्या हातीं जाईल, त्याची फसवणूक होऊं नये म्हणून घेतलेली ही काळजी आहे.

निर्गमाच्या पुस्तकांत निवासमंडपाच्या फळ्यापडद्यांचीं मापें हात मोजून दिलीं आहेत, आणि नीतिसूत्रांत खोट्या वजनमापांविषयीं कडक शब्द आहेत, हें तुम्ही शास्त्राच्या तासाला वाचलेंच आहे. दोहोंचा भावार्थ एकच. माप ही नीतीची बाब आहे. तुमच्या वहींत प्रयोगाचें उत्तर पुस्तकांतल्यासारखें यावें म्हणून आंकडा बदलण्याचा मोह होईल, तेव्हां मूळास सुधारणाऱ्या त्या कारखानदाराची आठवण करा. शेजाऱ्याच्या वहीवरून उतरण्याचा मोह होईल, तेव्हां चौथ्या पिढींतील ११.३० इंचांच्या वस्तूची आठवण करा. पालकांसहि एक विनंति आहे. मुलाचें काम उशिरां पुरें झालें तर रागावण्यापूर्वीं तें का रखडलें हें विचारावें. आळसानें रखडलें असेल तर अवश्य कान उपटावे; पण तें चार वेळां तपासण्यांत रखडलें असेल, तर त्या मुलास थोडा अधिक वेळ द्यावा आणि झालेला उशीर त्यानें आधींच कां सांगितला नाहीं, एवढेंच ममतेनें विचारावें.