रुसलेली विजेरी

सायकल हे साध्या माणसाचे वाहन होय. तिला ना दाणावैरण लागते, ना पेट्रोल. परंतु सूर्य मावळला की तिलाही एका वस्तूची गरज भासते. ती वस्तू म्हणजे दिवा. पूर्वी सायकलीला तेलाचा दिवा लावीत. पुढे चाकावर घासून वीज निर्माण करणारा डायनॅमो आला. त्या काळी पुण्यासारख्या शहरांत बिनदिव्याच्या सायकलस्वाराला पोलीस अडवीत. आज पुष्कळजण एखादी स्वस्त विजेरीच हँडलला बांधून काम भागवितात.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे कारखान्यांचे शहर आहे. वाळूज किंवा चिकलठाणा येथील रात्रीची पाळी संपवून एखादा कामगार सायकलीने घरी निघाला आहे, अशी कल्पना करा. रस्ता अंधारा आहे, समोरून मालमोटार येत आहे, आणि नेमक्या त्याच क्षणी विजेरीने डोळा मिटला, तर केवढे संकट! दिवा केवळ आपणांस रस्ता दिसावा म्हणून नसतो. आपण इतरांस दिसावे म्हणूनही असतो.

विजेरी रुसली की आपण तिला तळहाताने एक थाप मारतो. ती पुन्हा उजळते. पुढच्या खड्ड्याशी पुन्हा विझते. मग "दिवाच खराब" किंवा "सेलच निकामी" असे म्हणून आपण ती फेकून देतो. पण खरा दोष बहुधा तिसरीकडेच असतो. तो कोठे, हे समजण्यासाठी आपण क्षणभर पाणचक्कीकडे वळू.

या शहरात खाम नदीच्या काठी जुनी पाणचक्की आहे. डोंगरातील झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून तेथे आणलेले होते, आणि त्या पाण्याच्या जोरावर धान्य दळणारे जाते फिरत असे. समजा, वाटेत एखादा नळ फुटला, तर जाते थांबेल. तेव्हा जाते बदलून काय उपयोग? झराही आटलेला नाही. वाट तुटली आहे, ती सांधली पाहिजे.

विजेरीचेही असेच आहे. सेल हा झरा आणि दिवा हे जाते. सेलच्या पुढच्या टोकातून निघालेली वीज दिव्यात शिरते. तेथून विजेरीच्या धातूच्या अंगातून मागच्या झाकणात, झाकणातून कळीत, कळीतून स्प्रिंगमध्ये आणि स्प्रिंगमधून सेलच्या मागच्या टोकाशी येते. असा फेरा पूर्ण झाला तरच प्रकाश पडतो. एका सेलचा दाब सुमारे १.५ व्होल्ट असतो. तीन सेल एकापुढे एक जोडले की तो ४.५ व्होल्ट होतो. पण त्या तिघांत एक जरी सैल असला, तरी तिघांचे बळ व्यर्थ जाते. जितके सांधे अधिक, तितक्या रुसण्याच्या जागा अधिक!

आता खड्ड्याचा प्रताप पाहा. सायकल आदळली की विजेरीला हिसका बसतो. पण आतले सेल जडत्वामुळे मागे राहू पाहतात. स्प्रिंग मऊ असेल तर सेल तिला दाबून सरकतात आणि केसाएवढी फट पडते. तेवढ्याने फेरा तुटतो. थाप मारल्याने सेल जागेवर येतात, पण स्प्रिंग मऊ ती मऊच. म्हणून थापेचा गुण टिकत नाही.

तेव्हा थाप सोडावी आणि शोध करावा. प्रथम मागचे झाकण काढावे. तारेचे एक टोक शेवटच्या सेलच्या तळाशी व दुसरे विजेरीच्या धातूच्या काठाशी टेकवावे. दिवा लागला, तर दोष झाकणात, कळीत किंवा स्प्रिंगमध्ये आहे. न लागल्यास नवे सेल घालून पाहावे.

दोष सापडला की उपाय सोपे आहेत. स्प्रिंग हलक्या हाताने ओढून थोडी लांब करावी. सेलची टोके, स्प्रिंग आणि झाकण टेकते तो काठ काचकागदाने घासून उजळ करावा, कारण गंज विजेची वाट अडवितो. सेल खुळखुळत असतील तर त्यांच्याभोवती जाड कागदाची पट्टी गुंडाळावी. विजेरी हँडलला बांधताना खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा, म्हणजे हिसका कमी बसतो.

मात्र काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. चंदेरी कागदाचे कपटे आत कोंबू नयेत. ते सरकून सेलची दोन टोके परस्पर जोडली गेली तर सेल तापतात. साध्या सेलचे जस्ताचे भांडे वीज देता देता झिजते आणि आतला द्रव पाझरतो. म्हणून विजेरी वापरात नसेल तेव्हा सेल काढून ठेवावेत. पाझरलेल्या सेलला उघड्या हाताने स्पर्श करू नये. पुन्हा पुन्हा भारित होणारी लिथियमची विजेरी तर घरी उघडूच नये.

दुरुस्त झालेल्या विजेरीचा झोत किंचित खाली वळवावा, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत. निघण्यापूर्वी सायकल दोनदा जमिनीवर आपटून पाहावी. अंगणात विझणारा दिवा अंगणातच कळला, तर रस्त्यावर दगा होत नाही. वस्तू बिघडली की तिच्यावर रागावणे सोपे असते. पण तिची वाट कोठे तुटली हे जो शांतपणे शोधतो, त्याच्याच हाताखाली ती पुन्हा उजळते.

स्वाध्याय

१. विजेरीला थाप मारण्याचा गुण का टिकत नाही?
२. लेखकाने पाणचक्कीचा दाखला कशासाठी दिला आहे?
३. "दिवा केवळ आपणांस रस्ता दिसावा म्हणून नसतो." या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. वाक्यात उपयोग करा: काम भागविणे, दगा होणे, पथ्य पाळणे.
५. घरातील एखाद्या बिघडलेल्या वस्तूचा दोष कसा शोधाल, ते दहा ओळींत लिहा.